पहिली वेलांटी

ग्राफिक डिझाइन शिकायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, या प्रश्नाला 'जे सोपं असेल ते' असं उत्तर हमखास मिळतं. पण सोपं म्हणायचं कशाला? मराठीत काम करणाऱ्यासाठी त्याची कसोटी पहिल्या वेलांटीत आहे. आमच्या पिढीने तिचे तीन अवतार पाहिले. छापखान्यात जुळारी ती शिशाच्या खिळ्यांतून जुळवायचा. डीटीपीच्या काळात ती फॉन्टमधलं सुटं चित्र झाली. फॉन्ट बदलला की मजकुराचा पार विचका. युनिकोडमध्ये ती साठवली जाते व्यंजनानंतर, आणि दाखवताना आधी आणून बसवायची जबाबदारी सॉफ्टवेअरची. १९९०मध्ये आलेल्या मातब्बर फोटोशॉपच्याही कित्येक आवृत्त्यांत अक्षरं मांडणारा वेगळा कंपोझर निवडल्याशिवाय देवनागरी नीट जुळत नसे. म्हणून फिल्टरं न्याहाळण्याआधी 'दुसऱ्या विद्यार्थ्याला हार्दिक शुभेच्छा' एवढं टाइप करून पाहावं. वेलांटी, रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्या' यांची परीक्षा एका ओळीत होते.

यावर कुणी म्हणेल, बचत गटाच्या मसाल्याची जाहिरात करायला एवढी चिकित्सा कशाला? २०१३मध्ये आलेल्या कॅनव्हात तयार साचा उचलला, नाव बदललं, झालं. व्हॉट्सॲपपुरतं हे खरंच आहे, आणि तिथून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. अडचण येते ती पुढे. १०८० पिक्सेल रुंदीचा तोच जेपीजी दहा फुटी फ्लेक्सवर ताणला, तर इंचाला जेमतेम नऊ पिक्सेल उरतात. फ्लेक्सवाला सांगतो, 'टेक्स्ट कर्व्ह करून पाठवा', आणि फोटो व अक्षर या दोन वेगळ्या जाती आहेत हे साच्याने कधी शिकवलेलंच नसतं. २००३पासूनच्या मोफत इंकस्केपमध्ये अक्षर बाह्यरेषेत बदलताना हा फरक डोळ्यांना दिसतो. फोटो सुधारायच्या गिम्पमध्ये लेयर आणि मास्क हाताळताना मूळ फोटो न बिघडवता दुरुस्ती करायची सवय लागते. ही दोन्ही सुरुवातीला अवघड वाटतात, हा आक्षेप रास्त आहे. पण तिथे खाल्लेल्या खस्ता वाया जात नाहीत. उद्या कोरल घ्या की फोटोशॉप, कर्व्ह आणि लेयर तेच राहतात. साच्यातून मात्र पोस्टर मिळतं, हात तयार होत नाही.

तेव्हा पहिलं पोस्टर किती मिनिटांत झालं, यापेक्षा महिन्याभराने त्यातली तारीख बदलायला किती वेळ लागला, हे विचारावं. पहिली वेलांटी टाइप होते मागून आणि उभी राहते पुढे. साधन निवडतानाही मागून येणारी दुरुस्ती अशीच पुढे आणून पाहावी.