ट्रकात चढलेली लेन्स

कॅमेरा घ्यायचा ठरला तेव्हा डोक्यात उद्धव ठाकरे यांचं ‘पहावा विठ्ठल’ होतं. हवेतून टिपलेली ती वारी पाहिल्यापासून मला सगळं लांबूनच दिसायला लागलं होतं. जळगावच्या दुकानात १८-५५ आणि ७०-३०० अशा दोन लेन्स असलेला एपीएस-सी कॅमेरा पुढ्यात आला, आणि मी ७०-३०० वर भाळलो. या लहान सेन्सरवर लेन्सचा आकडा दीडपट धरायचा, म्हणजे ३०० चे चक्क ४५०! दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, ५० ची एफ १.८ बी राहू द्या. स्वस्तात आहे.’’ झूम नसलेली लेन्स काय कामाची? तरी भाचीच्या बारशापुरती म्हणून घेतली.

फाल्गुनात भर दुपारी हतनूर धरणावर गेलो. ३०० लावूनही बदकं साबुदाण्याएवढी, आणि तापलेल्या हवेनं प्रत्येक साबुदाणा थरथरणारा. पहाटे यायला हवं होतं, हे घरी आल्यावर कळलं.

ज्येष्ठात मुक्ताईच्या पालखीबरोबर निघालो. कोथळीच्या जुन्या मंदिरात प्रस्थानाची गर्दी, प्रकाश बेताचा. १८-५५ पुढे ताणली की एफ ५.६ वर येते. शटर १/१५ च्या वर चढेना. टाळ वाजवणारे हात म्हणजे नुसते फराटे. मग बारशाची लेन्स काढली. १.८ ला ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, हे पुस्तकात वाचलं होतं. तिथं डोळ्यांनी पाहिलं. १/१२५ ला एका म्हातारबाबांच्या भुवईवरचा बुक्काही स्वच्छ उमटला. फक्त ५० ची ती या सेन्सरवर ७५ होते, आणि मागं सरकायला जागा कुठली? पाठीशी पखवाज!

पालखी बुलढाणा, जालना, बीड करत महिनाभराहून जास्त चालते. दुसऱ्याच दिवशी खांदा बोलायला लागला. डोक्यावर तुळस घेतलेल्या एक मावशी शेजारून चालत होत्या. म्हणाल्या, ‘‘इतलं वझं कायले उचली राह्यला रे भाऊ?’’ त्यांच्या डोक्यावरचं वृंदावन माझ्या बॅगेपेक्षा हलकं नव्हतं, पण हे बोलायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी ७०-३०० दिंडीच्या ट्रकात चढली.

रस्त्यात लेन्स बदलायची नाही, हा धडा मात्र फुकट मिळाला नाही. एका वळणावर ट्रॅक्टर धुरळा उडवत गेला, मी नेमका कॅमेरा उघडून उभा. एफ ११ ला काढलेल्या प्रत्येक आभाळात त्या दिवसापासून एक काळा ठिपका. हवेचा फुगा मारून मारून तो तीन मुक्कामांनी हलला. मग दिवसा १८-५५, आणि ५० फक्त मुक्कामी, छपराखाली, कीर्तनाला. पाऊस आला की दुधाची पिशवी आणि रबरबँड. मुक्कामाच्या शाळेत चार्जिंगच्या एका बोर्डाला वीस मोबाइल लटकलेले असायचे. तिथं तिसऱ्या लेन्सपेक्षा जादाच्या दोन बॅटऱ्यांनी जास्त तारलं.

पंढरपुरात ट्रकातून सामान उतरवलं. माझी लेन्स पिठाच्या डब्याला टेकून बसली होती, पिशवीवर बोटभर पीठ. झटकली आणि झाकण न काढताच बॅगेत ठेवली. थंडीत हतनूरला न्यायची आहे तिला, ऊन चढायच्या आत.