घड्याळावर वाहणारी नदी

पावसाळा सरला की कोलाडची कुंडलिका घड्याळावर वाहते, असे म्हटले तर भूगोलाचे मास्तर रागावतील. पण खरेच आहे ते! मुळशीला अडवलेले मुळेचे पाणी १९२७ पासून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते. जायचे बंगालच्या उपसागराला, ते कुंडलिकेतून निघते अरबी समुद्राकडे! वीज करून झालेले हे पाणी सकाळी सुटले की नदी खळाळू लागते.

या खेपेला आमच्या जुन्या चौकडीबरोबर तीन नवशिकेही होते. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी. तिचा पहिला धडा वल्ह्याचा नव्हे, उलटल्यावर बाहेर पडण्याचा. पाण्यात उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेला वर धरायचे. उभे राहायचे नाही, खडकात पाऊल अडकते.

दुसऱ्याच लाटेला आमच्या वहिनी दिसेनाशा झाल्या. काळजात चर्र झाले. क्षणात लाल शिरस्त्राण वर आले. पाय पुढे, वल्हे हातात! काठाला लागताच म्हणाल्या, "भावजी, पालथं व्हायला शिकले, आता सुलटं व्हायला शिकवा!"

याच पाण्यापायी मुळशीकरांची घरे-शेते बुडाली. १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह मांडला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. तेव्हा वाचकहो, कोलाडला जरूर जा. पण होडी लोटण्यापूर्वी त्या पाण्याला हात जोडा.