चित्रातली खोली आणि खडूची खोली

मी एका कचेरीत हिशेबाचा कारकून. बी.कॉम. झालेला. वीस वर्षे रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंदात गेली. त्यामुळे आपल्याला कोणताही कागद वाचता येतो, असा माझा समज होता. वस्तीचाही तोच समज. रेशन कार्डाचा अर्ज असो की कोर्टाची नोटीस, "भाऊ, जरा बघता का?" म्हणत लोक माझ्याकडे येतात. पण गेल्या वर्षी एका कागदापुढे मी पुरता अडाणी ठरलो. त्याची ही हकिकत.

आमच्या वस्तीत पुनर्वसनाची योजना आली. विहारात सभा भरली. बिल्डरच्या माणसाने भिंतीवर एक मोठे रंगीत चित्र लावले. नव्या घराची बैठकीची खोली. लांबलचक सोफा, त्यावर हसणारी तीन माणसे, मागे खिडकी आणि खिडकीत निळे आभाळ. आयाबाया चित्राकडे बघतच राहिल्या. दहा बाय बाराच्या झोपडीत जन्म गेलेला. एक मावशी तर म्हणाल्या, "एवढ्या खोलीत नातवाचं लग्न लागेल हो!"

सोबत एक नकाशाही होता. काळ्या रेषा, बाण, आकडे. "यात तेच आहे," म्हणून तो माणूस त्याची घडी करू लागला. आराखडा मान्य असल्याच्या पत्रावर समितीचा सचिव म्हणून माझी सही हवी होती. मी पेन काढले. तेवढ्यात मागून माझी पुतणी म्हणाली, "काका, आज सही नको. मला तो नकाशा एक दिवस द्या."

इथे एक कबुली दिली पाहिजे. ही मुलगी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा कोर्स करते. तिने प्रवेश घेतला तेव्हा मीच नाक मुरडले होते. "रेघा ओढून कुणाचं पोट भरलंय? बी.कॉम. कर," असे सुनावले होते. त्या रात्री तिने मला शिकवायला घेतले आणि मी निमूटपणे शिकलो.

ती म्हणाली, "काका, आपण कार्ल्याच्या लेणीत गेलो होतो ना? चैत्यगृहाच्या दारात उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंचे खांब पुढे पुढे लहान होत स्तूपाकडे जवळ येताना दिसतात. खरं तर दोन रांगांमधलं अंतर तेवढंच असतं. डोळ्याला जसं दिसतं तसं कागदावर काढणं म्हणजे पर्स्पेक्टिव्ह. डोळ्याच्या उंचीवर एक आडवी रेघ धरायची. समोर लांब जाणाऱ्या सगळ्या रेषा त्या रेघेवरच्या एका बिंदूत मिळवायच्या."

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिराने हे करून दाखवले. त्याने एका इमारतीचे चित्र काढले, चित्राला भोक पाडले आणि मागून त्या भोकातून समोरच्या आरशात ते पाहायला लावले. पाहणाऱ्याला खरी इमारतच पाहिल्यासारखे वाटे. पुढे 1435 साली अल्बर्टीने ही रीत ग्रंथात मांडली. तेव्हापासून असलेली जागा दाखवता येऊ लागली, तशीच नसलेलीही. न बांधलेले घर आधी डोळ्यांना दाखवण्याची ही विद्या मोठीच आहे.

"मग यात वाईट काय?" मी विचारले.

"वाईट काही नाही. पण डोळा कुठे ठेवलाय ते बघायचं. हे चित्र काढणारा खोलीत उभा नाही. त्याने अलीकडची भिंत काढून टाकली आणि बाहेर लांब जाऊन उभा राहिला. घरात राहणाऱ्याला तसं कधीच दिसणार नाही." मग तिने पट्टी घेतली. "मागच्या भिंतीतलं दार सात फूट धरा. त्याच मापाने भिंतीजवळचा सोफा मोजा." मी मोजला. साडेतीन फूट! त्यावर तीन मोठी माणसे बसवलेली. सोफा भिंतीच्या थोडा अलीकडे, म्हणजे खरा त्याहूनही आखूड. सामान लहान काढले की खोली आपोआप मोठी दिसते.

नंतर तिने नकाशा उघडला. जाड दुहेरी रेघ म्हणजे भिंत. भिंत तुटते तिथे दार, आणि पाव वर्तुळ म्हणजे ते दार कुठल्या बाजूला, किती जागा खात उघडते. एकास शंभर प्रमाण म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर, जागेवरचा एक मीटर. मला एकदम ओळख पटली. ही तर खतावणीच! तिथे जमा-नावे, इथे रेघ आणि बाण. रंगीत चित्र म्हणजे अहवालाचे मुखपृष्ठ.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, विहारापुढच्या पटांगणात तिने टेप, सुतळी आणि खडू घेऊन ते घर खऱ्या मापात आखले. 2018 पासून मुंबईच्या नियमावलीप्रमाणे पुनर्वसनाच्या घराला 300 चौरस फूट कार्पेट, म्हणजे 27.88 चौरस मीटर जागा मिळते. क्षेत्रफळ बरोबर भरले. त्यात फसवणूक नव्हती. पण बायका त्या खडूच्या घरात शिरल्या आणि एकेक गोष्ट उघडी पडू लागली. आतल्या खोलीचे दार उघडले की पलंगाला अडते. निळ्या आभाळाची खिडकी नकाशात पाइपांच्या अरुंद डक्टमध्ये उघडत होती. शेजारच्या आजी चाकाच्या खुर्चीवर असतात. नातवाने ती खुर्ची संडासाच्या रेघेआत ढकलली, पण दार आत उघडणारे. ते लावायला जागाच उरेना. आजी खडूच्या चौकोनात बसून म्हणाल्या, "म्हणजे मी दार उघडं टाकून बसायचं का?"

कुणीच बोलले नाही. मला तर माझे पेन आठवले.

पुढच्या बैठकीला आम्ही तोच नकाशा घेऊन गेलो. दुरुस्त्या नकाशाच्याच भाषेत मागितल्या. संडासाचे दार बाहेर उघडणारे झाले. आतल्या खोलीचे दार फिरवून मिळाले. खिडकी मात्र तिथेच राहिली. आभाळासाठी अजून पत्रव्यवहार चालू आहे. सही मी त्या दोन दुरुस्त्या कागदावर आल्यावरच केली, आणि खिडकीबद्दलची हरकत खाली लिहून केली.

बंधू-भगिनींनो, आपल्या अनेक वस्त्यांपुढे आज ना उद्या असे रंगीत चित्र लागेल. ते जरूर पाहा. चांगल्या घराचे स्वप्न पाहायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण नकाशाही मागून घ्या. तो वाचता येत नसेल तर वस्तीतला आयटीआयचा किंवा चित्रकलेचा एखादा मुलगा, एखादी मुलगी शोधा. कोणी नाहीच भेटले, तर खडू आणि टेप तरी घ्या. आपल्या म्हातारीला त्या रेघांत बसवून बघा आणि मगच सही करा.