तिसऱ्या करडाचे दूध

शेळीच्या कासेला सड दोनच. त्यामुळे तिला तीन करडे झाली की घरात आनंदाबरोबर घोरही लागतो. आमच्याकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत. त्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले; शेळी मात्र अजून उस्मानाबादीच. जुळी देण्याबद्दल ही जात प्रसिद्ध आहे, कधी तिळीही होतात. मग तगडी दोघे सड धरतात, तिसरे मागे ढकलले जाते आणि दोन-तीन दिवसांत मान टाकते. लोक म्हणतात, "त्याचं नशीबच तेवढं." आम्हांला हे पटत नाही. ते करडू नशिबाने मरत नाही, उपाशी राहून मरते.

बिनजमिनीच्या घराला एक करडू म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मुलीची फी, दवाखाना, पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे, हे सारे त्यातूनच निघते. म्हणून मागे पडलेल्या करडाला हाताने पाजण्याची रीत आम्ही घरात बसविली.

पहिली गोष्ट चिकाची. आमच्या आत्याबाई अजूनही म्हणतात, "वार पडू द्या, मग पाजा." पण वार पडायला कित्येक तास लागतात आणि करडाला तेवढी सवड नसते. रोगाशी लढण्याची ताकद त्याला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. ती शोषून घेण्याची आतड्याची शक्तीही पहिल्या दिवसातच ओसरते. म्हणून कास कोमट पाण्याने पुसून, सडाची पहिली धार बाहेर टाकून, अर्ध्या-एक तासात चीक पाजावा. उलट करडांनी सड ओढले की वार सुटायला मदतच होते. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक हवा. दोन किलोच्या करडाला सुमारे २०० मिली, तोही चार-पाच वेळा मिळून. चीक गार झाला तर भांडे गरम पाण्यात धरावे. चुलीवर ठेवला तर त्याचा खरवस होईल.

पुढे दूध. शेजारी एकच करडू असलेली ताजी व्यालेली शेळी असेल, तर तिला लावून पाहावे. शेळी आपले पिलू वासाने ओळखते, म्हणून तिचेच दूध त्याच्या अंगाला चोळावे. नाही जमले तर बाटली. आईचे दूध पुरत नसेल तर गाईचे चालते, पण त्यात पाणी घालू नये. दूध मनगटावर टाकून कोमट लागले पाहिजे. करडाला उभे ठेवावे, मान थोडी वर, आणि त्याला स्वतः ओढू द्यावे. ओढून प्यायलेले दूध पहिल्या कप्प्याला वगळून थेट चौथ्या कप्प्यात जाते आणि पचते. मान फार मागे करून घशात ओतले तर ते फुप्फुसात जाते. सुरुवातीला दिवसातून चार वेळा, नंतर तीन वेळा पाजावे. एकदम पोटभर पाजले की हगवण लागते. बाटली आणि निपल दर वेळी गरम पाण्याने धुवावे.

घरात वाद होतो तो चहावरून. म्हाताऱ्यांना दूध हवे, लेकरांनाही हवे. आम्ही ठरविले की पहिला महिना करडांचा वाटा आधी, उरेल ते घराचे. मुलगी दर आठवड्याला ताणकाट्यावर करडे तोलते आणि दुधाचे माप कॅलेंडरवर लिहिते. तिच्यामुळे हे भांडण मिटले. सव्वा किलोचे जन्मलेले, उभे राहता न येणारे एक करडू असेच वाढले. आज ती पाट आमच्या कळपात सर्वांत खादाड आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुबाभूळ, शेवरीचा कोवळा पाला समोर टांगावा. तो चघळता चघळता पहिला कप्पा तयार होतो. तीन महिन्यांच्या सुमारास दूध हळूहळू कमी करून बंद करावे, एका दिवसात तोडू नये.

ज्यांच्या घरी शेळी गाभण आहे, त्यांनी आजच एक बाटली आणि दोन रबरी निपल आणून ठेवावीत. रात्री दोन वाजता शेळी व्याली तर दुकान उघडे नसते.