बाजारातला रुपया

आम्ही राहतो त्या अस्करमध्ये पायी हिंडत खरेदी करावी असा बाजार नाही. एका बाजूला समुद्र आणि जवळच अल्बाचा ॲल्युमिनियमचा कारखाना. त्यामुळे मनामाच्या जुन्या बाजारात जायचे ठरले की आमच्या घरी सणासारखी गडबड उडते.

गाडी बाहेर लावायची आणि बाब-अल-बहरैनमधून आत शिरायचे. 'बाब' म्हणजे दरवाजा. ही वेस 1949 साली उभी राहिली तेव्हा समुद्र अगदी जवळ होता. पुढे भराव घालत गेले आणि पाणी दूर सरकले. आतल्या कित्येक गल्ल्या इतक्या अरुंद की पायीच हिंडावे लागते. कापड, मसाले, अत्तरे, सोने! पुण्याच्या तुळशीबागेची आठवण यावी अशी गर्दी. इथेच सुमारे दोनशे वर्षांचे श्रीनाथजींचे मंदिरही आहे.

एरवी आमच्या मुलीचे सारे जग गाडीच्या काचेतून दिसणारे. या गल्लीत मात्र मी तिला दोन दुकाने पुढे एकटीला पाठवते. ती नऊ वर्षांची आहे. मागच्या खेपेला खजूर आणायला गेली आणि धावतच परत आली.

"आई, ते आजोबा पाच रुपये मागताहेत! माझ्याकडे तर दिनार आहे!"

वृद्ध बहरैनी दुकानदार 'खम्स रुबियात' म्हणाले होते. म्हणजे पाचशे फिल्स.

त्याचे असे आहे, पूर्वी इथे भारताचाच रुपया चाले. 1959 मध्ये भारताने आखातासाठी वेगळा रुपया काढला. 1965 मध्ये बहरैनचा दिनार आला, तेव्हा दहा रुपयांचा एक दिनार असा हिशेब ठरला. म्हणून शंभर फिल्सला इथले लोक अजून 'रुबिया' म्हणतात. नोटा गेल्या, शब्द राहिला. बटाट्यालाही ते 'आलू' म्हणतात आणि आपण मात्र पोर्तुगीजांचा 'बटाटा' घेऊन बसलो आहोत! हे ऐकून मुलगी खूप हसली.

पालकहो, मी मात्र विचारात पडले. हे शब्द कुणी वर्गात बसून शिकवले नाहीत. देता-घेता, घासाघीस करता करता ते तोंडात बसले. आपली मराठी आठवड्यातून एकदा वर्गात, आणि घरी मुलांचे उत्तर इंग्रजीतून. माझी मुलगी फोनवर आजीशी बोलताना शब्दाशी अडते. पलीकडे आजी गप्प राहून वाट पाहते, तेव्हा जिवाला लागते.

म्हणून आता बाजाराची यादी तीच लिहिते, मराठीत. हळद, उदबत्ती, पाव किलो शेंगदाणे. भाव काय, सुटे किती आले, हेही मराठीतच सांगायचे. आणि संध्याकाळी काय काय घेतले ते आजीला फोनवर सांगायचे. परवा 'घासाघीस' हा शब्द तिने आजीलाच ऐकवला!

मुलांनो, पुढच्या खेपेला तुम्हीही यादी करा. जुन्या दुकानात 'रुबिया' ऐकू आला तर वर्गात येऊन नक्की सांगा.