बोगस डॉक्टर सापडतो, पण नोंदणीवाल्याचं काय?

"बोगस डॉक्टरवर कारवाई" या मथळ्याच्या बातम्या मी आजवर किती दिल्या असतील, मोजल्या नाहीत. सेनगाव असो, कळमनुरी असो की औंढा, साचा ठरलेला. पथक आलं, पंचनामा झाला, सलाईनच्या बाटल्या जप्त केल्या, वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ चं कलम ३३ लागलं. फोटोत अधिकारी रांगेत उभे. सोपी बातमी, कुणाचा फोन येत नाही.

मागच्या वर्षी सेनगावकडचा एक शेतकरी पिशवीत फाईल घेऊन आला. बायकोची गर्भपिशवी काढली होती. जखम चिघळली, नांदेडला नेऊन दुसरं ऑपरेशन करावं लागलं. "सायेब, पहिल्या दवाखान्याचे कागदं देईनात. तीन महिने झाले बगा, आज या उद्या या करतेत. तुम्ही पेपरात छापा."

डॉक्टर बोगस नाही. चांगली डिग्री, भिंतीवर फ्रेम केलेली. आणि आमच्या दिवाळी अंकाला दरवर्षी त्यांची पानभर जाहिरात असते. मी त्याला म्हणलं, पोलिसात जा.

पोलिसांनी परत पाठवलं. त्यांचं अगदीच चूक म्हणता येत नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २००५ सालीच सांगितलंय की, दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर हलगर्जीपणाचा गुन्हा चालवू नये. ग्राहक कोर्टाचा रस्ता १९९५ च्या निकालानं मोकळा झालाय, पण तिथं मिळाली तर भरपाई मिळते. एमबीबीएसवाल्याची नोंदणी थांबवायचा किंवा काढायचा अधिकार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा, आणि ती बसते मुंबईत. बीएएमएस असेल तर परिषद वेगळी, होमिओपॅथीची आणखी वेगळी. गावातल्या माणसाला तिन्ही डॉक्टरच.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोम्यात कोर्ट रिपोर्टिंग शिकवलं, हे नाही. तो माणूस दुसऱ्यांदा आला तेव्हा लाज वाटली आणि नियम काढून वाचले. २००२ च्या आचारसंहितेत साफ लिहिलंय की रुग्णानं किंवा त्याच्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची. भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं सांभाळायच्या. चिठ्ठीवर, पावतीवर नोंदणी क्रमांक टाकायचा. परिषदेनं तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावायचा, हेही त्यातच आहे.

आपल्याकडं पावती म्हणजे कोऱ्या कागदावर लिहिलेला आकडा. क्रमांक सोडा, सहीसुद्धा नसते. मग तक्रार कुणावर करायची?

परळीचं सुदाम मुंडे प्रकरण आठवत असेल. २०१२ मध्ये अवैध गर्भपातात महिलेचा जीव गेला, २०१९ मध्ये कोर्टानं दहा वर्षांची शिक्षा दिली. आणि जामिनावर सुटल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये हाच माणूस परळीत पुन्हा रुग्ण तपासताना सापडला. इतकं राज्यभर गाजलेलं नाव, तरी रुग्ण येत होते. रजिस्टर मुंबईत आणि दवाखाना गल्लीत, मधल्या अंतरावर नजर ठेवायची कुणी? तर आमच्यासारख्यांनी. आम्ही पंचनाम्याचे फोटो छापतो.

आणखी एक गोष्ट खटकते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात राज्य परिषदेच्या कारवाईविरुद्ध अपील करायची तरतूद कलम ३० मध्ये आहे, पण ती लिहिलीय डॉक्टरसाठी. तक्रार फेटाळली गेलेल्या रुग्णाचा त्यात उल्लेखच नाही.

डॉक्टर मित्रांनी रागावू नये. रात्री दोन वाजता उठून बाळंतीण सोडवणारे डॉक्टर याच जिल्ह्यात आहेत. दवाखान्यावर दगड पडतात तेव्हा पहिली काच त्यांचीच फुटते. पण तक्रारीला वेळेत उत्तर मिळालं असतं तर त्यातले काही दगड उचललेच गेले नसते, असं मला वाटतं.

शेवटी मीच अर्ज लिहून दिला. आधी कागदपत्रांच्या मागणीचा, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. चौथ्या दिवशी फाईलची झेरॉक्स मिळाली! तीन महिने जे होत नव्हतं ते एका पावतीनं झालं. मग परिषदेकडं तक्रार. तिला आता आठ महिने होतील. सोमवारी बाजाराला आला की तो ऑफिसात डोकावतो, "काही आलं का?" म्हणून विचारतो. मी नाही म्हणतो. चहा घेऊन जातो.

दिवाळी अंकाचं काम सुरू झालंय. त्या पानाची जाहिरात मागायला मी अजून गेलेलो नाही. मालक दोनदा विचारून गेले.