तुळतुळीत

टायर गुळगुळीत होणे ही आमच्या घराण्यात लाजेची गोष्ट नव्हती, काटकसरीची होती. वडिलांच्या स्कूटरच्या मागच्या टायरची नक्षी पुसून पार गोटा होई, मग आतले दोरे डोकावू लागत, आणि तेव्हा कुठे घरात 'टायरचं काहीतरी बघायला हवं' असा विषय निघे. बघायचे म्हणजे नवा घ्यायचा असे नव्हे, रिमोल्ड करून आणायचा. अशा घरात वाढलेल्या माणसाला त्याचा सख्खा भाचा, चांगला इंजिनियर, एका मुलीचा बाप, जेवता जेवता सांगतो,

"मामा, गुळगुळीत टायर घेतोय. चार. नवे."

"नवे आणि गुळगुळीत?"

"कारखान्यातूनच तसे येतात. स्लिक म्हणतात."

म्हणजे जे आम्ही दहा-दहा वर्षे रस्ता घासून, पोलिसाची नजर चुकवून फुकट कमावत होतो, ते हा रोख पैसे मोजून आणणार! भाचेसुनेने फक्त आमटीचे भांडे जरा जोरात खाली ठेवले. त्या पैशांवर तिच्या मनात कपडे धुण्याचे यंत्र होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

भाच्याला मोटार पळवण्याचा नाद आहे. रस्त्यावर नव्हे, रस्त्यावर तो इतका सावकाश चालवतो की मागचे रिक्षावाले त्याच्या कुळाचा उद्धार करतात. त्याचा नाद चालतो ट्रॅकवर. फी भरायची, हेल्मेट घालायचे आणि आपलीच गाडी पंधरा-वीस मिनिटे मनसोक्त हाकायची, याला 'ट्रॅक डे' म्हणतात. बक्षीस नाही, कप नाही, टाळ्या वाजवायला कोणी नाही. यासाठी हा पुण्याहून हजारावर किलोमीटर दूर कोइमतूरला जातो. तिथे करी मोटर स्पीडवे नावाचा दोनेक किलोमीटरचा ट्रॅक 2003 पासून आहे. करी म्हणजे रस्सा नव्हे. एस. करिवर्धन नावाचे तिथले एक शौकीन गृहस्थ होते. मारुतीचे इंजिन घालून त्यांनी शर्यतीच्या चिमुकल्या मोटारी बनवल्या, कितीतरी पोरांना स्टिअरिंगवर बसवले, आणि 1995 मध्ये विमान अपघातात गेले. त्यांचे नाव त्या ट्रॅकला आहे.

टायरवरची नक्षी शोभेची नसते, ती पाण्यासाठी असते, हे मला भाच्याने दोन पोळ्या खाईपर्यंत समजावले. पावसात टायरखालचे पाणी त्या चरांतून बाहेर पडते. पण रस्ता कोरडा असेल तर चर म्हणजे वाया गेलेली जागा. तेवढे रबर जमिनीला टेकतच नाही. म्हणून चरच नकोत. फॉर्म्युला वनवाल्यांनी 1971 पासून हे तुळतुळीत टायर वापरले. पुढे गाड्या फार पळू लागल्या म्हणून 1998 मध्ये टायरला सक्तीने चर पाडायला लावले, आणि 2009 मध्ये पुन्हा तुळतुळीत केले. सरकारी समितीला लाजवील असा हा कारभार.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरात जे चालले ते मी पूर्वी फक्त ताईचे लग्न जमवताना पाहिले होते. पहिली पाहिली पत्रिका. टायरच्या अंगावर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्याचा जन्म. शर्यतीच्या टीमने वापरून काढलेले एक स्थळ स्वस्तात सांगून आले होते. दिसायला गोमटे. पण भाच्याने वय काढले, नख रुतवून पाहिले, आणि नकार कळवला. हे रबर तापते, निवते, पुन्हा तापते. दर खेपेला थोडे कडक होते. दोनदा गरम केलेल्या पोळीसारखे. झीज दिसत नाही, पण पकड गेलेली असते.

मग स्वभाव. मऊ, मध्यम आणि कडक. दुकानदार म्हणाला, "कडक घ्या, टिकेल." 'टिकेल' या शब्दावर आमच्या भाऊजींनी पूर्वी सोफा, सासरेपणाचा सूट आणि एक छत्री घेतलेली आहे. त्यांचे मत तिथेच पडले. पण भाच्याची गाडी हलकी. हलकी गाडी कडक रबराला पुरेसे तापवू शकत नाही, आणि न तापलेला स्लिक म्हणजे शेवाळलेली पायरी. तो टिकला असता खरा. भाच्याने मऊ घेतले. लवकर झिजणार हे माहीत असून घेतले. आमच्या सात पिढ्यांत असा व्यवहार कोणी केला नसेल.

ताई एवढा वेळ शेंगा सोलत होती. तिने एकच विचारले, "आणि पाऊस आला तर?"

"तर उतरायचं. स्लिक पाण्यावर तरंगतो."

"उतरशील?"

"उतरेन."

"मामाला घेऊन जा," ताई म्हणाली. साक्षीदार म्हणून.

हे टायर रस्त्यावर चालवणे बेकायदा, त्यामुळे ते स्वतः चालत नाहीत, आपण त्यांना मिरवत न्यायचे. दोन डिकीत, दोन मागच्या सीटवर सोलापुरी चादरीत गुंडाळलेले. हुबळीला चहावाल्याने काच खाली करवून विचारले, आत पेशंट आहे का.

नोव्हेंबर होता. सकाळची पहिली खेप त्याने टायर तापवण्यात घालवली. परत आला तशी गरम टायरचीच हवा मोजली. तापले की ती वाढते, म्हणून भरताना कमी भरलेली असते. थोडी सोडली. दुसऱ्या खेपेला मात्र मी कठड्याशी उभा होतो आणि गाडी वळणावर अशी गेली, की कोणीतरी दोरीने आत ओढून धरली आहे. साध्या टायरचे ते किंकाळणे नाही, काही नाही. भाचा म्हणतो, धोका तोच. साधा टायर सुटायच्या आधी ओरडून सांगतो, हा शेवटपर्यंत चूप. म्हणून पहिली दोन वर्षे त्याने साध्यावरच काढली होती.

तिसऱ्या खेपेच्या आधी आभाळ भरून आले. चार थेंब पडले. ट्रॅक अर्धा ओला, अर्धा कोरडा. फी भरलेली, टायर नवे, आणि दोघेतिघे तशातही निघाले. भाचा स्टिअरिंगवर हात ठेवून मिनिटभर बसून राहिला. मी काही बोललो नाही. मग तो उतरला, आणि डिकीतून जॅक काढला.

दुसऱ्या चाकाचे नट सैल करत असताना ताईचा फोन आला. त्याचे हात काळे, म्हणून मीच त्याच्या कानाला धरला.

"पाऊस आहे का रे तिकडे?"

"आहे. टायर बदलतोय."

पलीकडून काही वेळ काहीच आवाज आला नाही.

"जेवलास का?" ताईने विचारले.